जपानच्या आधी फिलिपीन्सकडे बघा: गणिताचा अभ्यासक्रम आखणाऱ्यांना खुलं पत्र

महाराष्ट्राच्या शाळांचा गणिताचा अभ्यासक्रम, पुस्तकं आणि शिक्षकांची प्रशिक्षणं ठरवणाऱ्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

गणिताच्या कुठल्याही प्रशिक्षणाला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "जपानमध्ये बघा." जपानी मुलांची शिस्त, त्यांचे पाढे, त्यांची वेगवान बेरीज, सगळं पडद्यावर दाखवलं जातं आणि आम्ही शिक्षक माना डोलावतो. मी जपानमध्ये पाच वर्षं राहिले, माझी मुलगी तिथल्या नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत शिकली. त्याआधी चार वर्षं आम्ही फिलिपीन्समध्ये होतो. त्या देशाचं नाव मात्र आपल्या एकाही प्रशिक्षणात मी ऐकलेलं नाही, आणि माझं मन सांगतं की आपल्याला शिकण्यासारखं निम्मं तिथेच आहे. म्हणून हे पत्र.

माझी ओळख एवढीच की मी सातारा जिल्ह्यातली, डी.एड. झालेली, तिसरी-चौथीला गणित शिकवणारी बाई. यजमानांच्या नोकरीमुळे २०११ ते २०१५ मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीत आणि २०१५ ते २०२० जपानमधल्या कावासाकीत राहणं झालं. परत आल्यावर पुन्हा खडू हातात घेतला. दोन्हीकडे मी पाहुणी होते, पण मुलांच्या वह्या मी दोन्हीकडे पाहिल्या आहेत.

बैठकीत पहिल्यांदा आकडे मागितले जातात, तेव्हा ते आधी देते. पंधरा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय 'पिसा' चाचणीत २०२२ साली गणितात जपानला ५३६ गुण होते आणि फिलिपीन्सला ३५५. ओईसीडी, म्हणजे बहुतांश श्रीमंत देशांचा जो गट आहे, त्याची सरासरी ४७२. रोजच्या व्यवहारातला साधा प्रश्न गणितात मांडता येणं ही जी किमान पातळी धरली आहे, ती जपानमधल्या शंभरातल्या ८८ मुलांनी गाठली आणि फिलिपीन्समधल्या १६ जणांनी. चौथीच्या मुलांची 'टिम्स' चाचणी २०१९ साली झाली, तिथे जपान ५९३ आणि फिलिपीन्स २९७, भाग घेतलेल्या देशांत सर्वात खाली. आपल्याकडून २००९ च्या 'पिसा'त तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते. त्यांचे निकाल तळाला लागले, आणि त्यानंतर भारत त्या परीक्षेला बसलेलाच नाही. महाराष्ट्राच्या मुलांना ती पट्टी अजून एकदाही लागलेली नाही.

हे आकडे वाचले की 'फिलिपिनो मुलं गणितात कच्ची' असं म्हणून माणूस मोकळा होतो. मीही तसंच म्हटलं असतं, पण एका मुलामुळे मला ते म्हणता आलं नाही.

केसोन सिटीत आमच्या गल्लीच्या टोकाला बरांगायचं, म्हणजे तिथल्या वॉर्डाचं, सभागृह होतं. संध्याकाळी तिथे सरकारी शाळेतल्या मुलांचा अभ्यास घ्यायला आम्ही काही बायका जात असू. शाळेत एकेका वर्गात पन्नास-साठ मुलं आणि दोन पाळ्या, त्यामुळे दुपारी घरी आलेली मुलं मोकळीच असत. त्यात चौथीतला एक मुलगा होता. त्याच्या आईचं 'सारी-सारी' दुकान होतं. घराच्याच खिडकीला जाळी लावून चालवलेलं किराणा दुकान, जिथे सगळं सुट्टं मिळतं: एक सिगारेट, शाम्पूची एक पुडी, बाटलीभर नको असेल तर कपभर तेल. या सुट्ट्या विक्रीला तिथे 'तिंगी' म्हणतात. आई स्वयंपाकात असली की गल्ल्यावर हा पोरगा.

एकदा त्याच्या पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण आम्ही घेतलं. इंग्रजीत होतं. एका शेतकऱ्याने १४४ आंबे १२ टोपल्यांत सारखे भरले, त्यातल्या ५ टोपल्या विकल्या, तर किती आंबे उरले? त्याने ते खणखणीत, एकही शब्द न अडखळता वाचलं. मग माझ्याकडे बघून आदराने विचारलं, "प्लस पो बा, ओ मायनस?" अधिक करू की वजा, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं. आंबे, टोपल्या, शेतकरी यांतलं काहीच त्याच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. त्याने वाचले होते ते आवाज.

मी पुस्तक मिटलं. माझ्या मोडक्यातोडक्या तागालोगमध्ये विचारलं, "दुकानात शाम्पूच्या बारा माळा लटकलेल्या होत्या, एका माळेत बारा पुड्या. पाच माळा गेल्या. आता पुड्या किती?" त्याने वरही पाहिलं नाही. पेन्सिलीला टोक करता करता म्हणाला, "ओचेंताय क्वात्रो." चौऱ्याऐंशी. कसं काढलंस म्हटलं, तर म्हणाला सात माळांचे दहा-दहा सत्तर, आणि वरचे दोन-दोन चौदा. उदाहरण तेच होतं. १२ ने गुणण्याची, उरलेल्या सातांची, तोडून जोडण्याची सगळी अक्कल त्याच्या डोक्यात तयार होती, आणि शाळेच्या वहीत त्याच जागी लाल फुली होती.

पुढे २०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी बरोबर करतात, पण तसाच हिशेब शाळेच्या रूपात समोर आला की अडतात, आणि फक्त शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडतात. ते वाचताना मला पेन्सिलीला टोक करणारा तो पोरगा दिसत होता.

त्याचं उत्तर स्पॅनिशमध्ये का आलं, हे मला नंतर उमगलं, आणि माझ्या मते या सगळ्या तुलनेचा गाभा तिथे आहे.

फिलिपीन्सवर स्पेनने तीनशेहून अधिक वर्षं राज्य केलं, नंतर अमेरिका आली. आज तिथल्या मुलाच्या डोक्यात अंकांचे तीन संच असतात. बाजारात आणि घड्याळात बराचसा स्पॅनिश: दोन वाजले म्हणजे 'अलास दोस', वीस पेसो म्हणजे 'बेंते'. शाळेत गणिताच्या तासाला इंग्रजी. आणि तिसरा संच त्याच्या स्वतःच्या भाषेचा, जो मोठ्या संख्यांसाठी फारसा वापरलाच जात नाही. खरं तर सर्वात सोपा संच तोच आहे. तागालोगमध्ये चौदाला 'लाबिंग-आपात' म्हणतात. 'लाबी' म्हणजे वर उरलेलं, 'आपात' म्हणजे चार. दहाच्या वर उरलेले चार. चौऱ्याऐंशी म्हणजे 'वालुम्पुत आपात', आठ दहा आणि चार. दशक-एकक त्या शब्दातच मांडून ठेवलेले आहेत.

आता जपानी घ्या. चौदा 'जू-योन', म्हणजे दहा-चार. चौऱ्याऐंशी 'हाचि-जू-योन', आठ-दहा-चार. रचना तीच! फरक एवढाच की दहाच्या पुढच्या संख्यांसाठी जपानी मूल घरी, दुकानात, शाळेत, परीक्षेत हाच एक संच वापरतं. माझ्या मुलीच्या पहिलीच्या वहीत आठ अधिक सहाच्या खाली चेरीची दोन फळं काढलेली असायची, देठांनी सहाला जोडलेली. एका चेरीत २, दुसरीत ४. आठला दोन दिले की दहा, राहिले चार, 'जू-योन'. याला तिथे 'साकुराम्बो केइसान', चेरीचा हिशेब म्हणतात. हातचा वगैरे शब्द यायच्या आधीच दहा पूर्ण करायची सवय हाताला लागते, आणि उत्तराचं नावही दहापासूनच सुरू होतं. फिलिपिनो मुलालाही हे जसंच्या तसं करता आलं असतं. त्याच्या आजीच्या भाषेत ती सोय होती.

तुम्हाला इथे २०१९ आठवलं असेल. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सत्तावीसबरोबर 'वीस सात' असं वाचन आणलं, आणि पंधरा दिवस महाराष्ट्रभर हलकल्लोळ झाला. विधिमंडळातसुद्धा थट्टा झाली. मी तेव्हा कावासाकीत होते आणि फोनवर ते सगळं वाचून मला फार वाईट वाटलं. मराठीत एकवीस ते नव्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येचं नाव वेगळं पाठ करावं लागतं. एकक आधी, दशक नंतर, आणि लिहायचं मात्र उलट. त्यात एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. शब्दात तीस, लिहिताना दोन आणि नऊ. दुसरीतलं पोर त्र्याहत्तर ऐकून ३७ लिहितं तेव्हा ते कच्चं नसतं, ते ऐकलं तसं लिहीत असतं. 'सत्तर तीन' ही त्याच्यासाठी घातलेली पायरी होती. सत्तावीस कोणी काढून टाकलेला नव्हता. त्या समितीचं म्हणणं बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. चूक झाली ती एवढीच की ही पायरी का घातली हे हजारो शिक्षकांना पुस्तक हातात पडायच्या आधी कोणी बसवून सांगितलं नाही. आम्हाला ते बातम्यांतून कळलं.

जपानमध्ये हे असं होत नाही. अभ्यासक्रम साधारण दहा वर्षांनी बदलतो, आणि जाहीर झाल्यावर लगेच लागू होत नाही. २०१७ साली जाहीर झालेला प्राथमिकचा अभ्यासक्रम २०२० मध्ये वर्गात आला. मधली तीन वर्षं पुस्तकं लिहायला, तपासायला, निवडायला आणि शिक्षकांना तयारीला. फिलिपीन्समध्ये दहा वर्षांचं शालेय शिक्षण वाढवून बारा वर्षांचं केलं. नवा अभ्यासक्रम जून २०१२ मध्ये पहिली आणि सातवीच्या वर्गांत सुरू झाला, आणि त्याचा कायदा झाला मे २०१३ मध्ये. त्याच २०१२ साली तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवायचं धोरण आलं. मी तिथेच होते. शिक्षिका हौसेने बोलायच्या, पण हातात पुस्तक नसायचं. तिथल्या संसदेच्या शिक्षण आयोगाने २०२४ च्या सुरुवातीला जो अहवाल दिला, त्यात म्हटलं आहे की २०१२ पासून पहिली ते दहावीसाठी मिळून फक्त २७ वेगवेगळी पाठ्यपुस्तकं खरेदी झाली. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मातृभाषेची सक्ती कायद्याने काढूनही टाकली. तोपर्यंत 'मातातग' नावाचा आणखी एक नवा अभ्यासक्रम सुरू झालेला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर, पुढच्याच वर्षी वर्गात.

मातृभाषेमुळे मुलं मागे पडली असं तिथे बरेच जण म्हणतात. पण मातृभाषेचं धोरण यायच्या खूप आधी, २००३ च्या 'टिम्स'मध्ये फिलिपीन्सच्या चौथीच्या मुलांना गणितात ३५८ गुण होते आणि जपानच्या मुलांना ५६५. तेव्हा तर पहिलीपासून गणित इंग्रजीतच होतं. १९७४ च्या धोरणाने तिथे वाटणी केली होती: गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकीचे विषय फिलिपिनोत.

ही वाटणी ओळखीची वाटते ना? आपण तिला सेमी-इंग्रजी म्हणतो.

माझ्या शाळेत सेमीचा वर्ग आहे. पालक रांग लावून त्यात नाव घालतात, आणि त्यांची काळजी मला कळते. पुढे अकरावीला विज्ञान इंग्रजीत येणार, मग आधीच सवय नको का? ही मागणी मी खोडून काढत नाही. पण चौथीच्या त्याच वर्गात 'हाऊ मेनी आर लेफ्ट' वाचून "बाई, लेफ्ट म्हणजे डावीकडचे का?" असं विचारणारी मुलगी मला याच वर्षी भेटली. आणि अधिक करू की वजा हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखू पाहणारी मुलं तर रोज भेटतात. २०१८ च्या 'पिसा'त फिलिपीन्सच्या शंभरातली ९४ मुलं घरी एक भाषा बोलत होती आणि परीक्षा दुसऱ्या भाषेत देत होती. जी गोष्ट त्या देशाने पन्नास वर्षं करून पाहिली, तिचे परिणाम समोर मांडलेले असताना आपण तिकडे एकदाही न बघता दर वर्षी सेमीच्या तुकड्या वाढवतो आहोत. निदान चौथीपर्यंत गणितातला विचार मराठीत होऊ द्या, इंग्रजी शब्द त्याच्या जोडीला शिकवू. हे माझं ठाम मत आहे.

जपानी वर्गाबद्दल आपल्याकडे जे सांगितलं जातं ते बहुतेक अर्धं असतं, म्हणून एक तास जवळून सांगते.

तिथे वर्षातून काही वेळा पालकांना वर्गात मागे उभं राहून तास बघता येतो. मुलगी चौथीत असताना मी असा एक गणिताचा तास पाहिला. पंचेचाळीस मिनिटं आणि फळ्यावर एकच उदाहरण. इंग्रजी एल अक्षरासारखी आकृती: खालची बाजू ९ सेंटिमीटर, डावीकडची उंची ६, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातून ४ बाय ३ चा तुकडा कापलेला. क्षेत्रफळ काढा. मुलांना तोवर फक्त आयत आणि चौरस येत होते. सरांनी 'कसं काढायचं' हे सांगितलंच नाही. दहा मिनिटं सगळी मुलं वहीत खटपट करत होती आणि सर हातात बैठकीचा नकाशा घेऊन बाकांमधून फिरत, कोणी काय केलं ते टिपत होते. मला वाटलं मदत करताहेत. नंतर कळलं की कोणाला कोणत्या क्रमाने फळ्यावर बोलवायचं, हे ते ठरवत होते.

पहिल्या मुलाने आकृती उभी कापली: ५ सहा तीस आणि ४ तीन बारा, बेचाळीस. दुसरीने आडवी कापली: ९ तीन सत्तावीस, ५ तीन पंधरा, बेचाळीस. तिसऱ्याने कापलेला तुकडा भरून काढला, अख्खा आयत चौपन्न, त्यातून बारा वजा. मग एका अबोल मुलीने वरचा तुकडा उचलून खालच्या पट्टीच्या शेजारी ठेवला आणि १४ बाय ३ चा एकच लांब आयत केला. वर्गात "ओऽऽ" झालं. सर म्हणाले, सुंदर. आणि लगेच विचारलं, वरच्या तुकड्याची उंची ३ ऐवजी २ असती तर? वर्ग गप्प. मग एक हात वर आला: दोन्ही उंच्या तीन-तीन आहेत म्हणूनच हे जमलं. तिथे मुलांना एक शब्द शिकवलेला असतो, 'हाकासे'. हायाकु, कान्तान, सेइकाकु, म्हणजे पटकन, सोपं, अचूक. आणि 'हाकासे'चा अर्थ विद्वान माणूस. त्याला शेपूट जोडतात 'दोन' (आपला आकडा नव्हे, जपानी शब्द): दोन्ना तोकि देमो, म्हणजे कुठल्याही वेळी लागू पडणारं. चौथीची मुलं या शब्दांत एकमेकांच्या रीतींची पारख करत होती. फळा तासभर पुसला नाही. डावीकडे प्रश्न, मध्ये चारही रीती, त्यावर मुलांच्या नावांचे चुंबक, उजवीकडे लाल चौकटीत तासाचं सार. शेवटी फळ्याकडे पाहिलं की तास कसा गेला ते वाचता येत होतं.

यात शिस्त होती का? होती. पण 'शिस्तीमुळे गणित येतं' हे मला तिथे कुठे दिसलं नाही. आणि घोकंपट्टी नाही असंही नाही. दुसरीत 'कुकु', म्हणजे पाढे, तोंडपाठ करून घेतात. चढते, उतरते, मग मधूनच कुठलेही. मुलीने आठवडेच्या आठवडे न्हाणीघरात म्हटले आहेत. मात्र ते नऊ नव्वे एक्याऐंशीला थांबतात. आमच्या घरी आजोबांनी फोनवर तिला तिसापर्यंतचे पाढे आणि वर पावकी-निमकी शिकवायचा घाट घातला होता. तिला ते आवडलंही. पण दुसरीतल्या मुलाचा वेळ किती कशावर जावा, याचा हिशेब जपानने आपल्याहून बरा केला आहे असं मला वाटतं.

तिथलं सगळंच सोनं नाही. दर माणशी ३ संत्री, ५ माणसं, एकूण किती, यावर मुलीने ५ × ३ = १५ लिहिलं, तर उत्तराला बरोबर आणि मांडणीला फुली मिळाली, कारण 'एकाला किती' हा आकडा आधी यायला हवा. ती त्या रात्री रडली आणि मला तिला काय सांगावं कळेना. या क्रमावर जपानमध्येही वर्षानुवर्षं वाद चालू आहे. मोठी मुलं संध्याकाळी 'जुकु'त, म्हणजे आपल्या क्लासात जातात. गणित आवडतं म्हणणारी मुलं तिथे जगाच्या सरासरीहून कमी आहेत. आणि २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत माध्यमिकच्या जपानी शिक्षकांचे कामाचे तास आठवड्याला ५६ भरले, सहभागी देशांत सर्वाधिक. हे प्रशिक्षणाच्या पडद्यावर कधी येत नाही.

मुलीच्या वर्गात मधेच एक फिलिपिनो मुलगा आला होता. आई तिथेच कामाला, मुलगा नुकताच गावाहून आणलेला. शाब्दिक उदाहरण आलं की तो जपानी वाक्यांपुढे तसाच थिजायचा जसा तो दुकानातला पोरगा इंग्रजीपुढे थिजला होता. एल आकृतीच्या तासाला मात्र भाषा आडवी आली नाही. त्याने पट्टीने आडवी रेघ मारली आणि फळ्यावर दुसऱ्या रीतीखाली त्याच्याही नावाचा चुंबक लागला. त्याची आई माझ्या शेजारीच उभी होती. ती मला तागालोगमध्ये हळूच म्हणाली, "इकडे शाळेत आल्यापासून पहिल्यांदाच त्याचं नाव फळ्यावर बघितलं." देश बदलला म्हणून त्याची बुद्धी बदलली नव्हती. त्याला कळेल असा प्रश्न समोर आला आणि विचार करायला दहा मिनिटं मिळाली.

असा तास एकटा शिक्षक घरी बसून तयार करू शकत नाही. जपानमध्ये 'जुग्यो केन्क्यू' नावाची पद्धत मेइजी काळापासून, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षं चालत आली आहे. शाळेतले शिक्षक मिळून एका तासाचं टाचण करतात. त्यांतला एक जण तो तास खऱ्या मुलांवर घेतो. बाकीचे मागे आणि बाजूला उभे राहून शिक्षकाकडे कमी आणि मुलांच्या वह्यांकडे जास्त बघतात. मग सगळे बसून बोलतात: ३ ऐवजी ४ घेतले असते तर तिसरी रीत निघाली असती का, तो मागचा मुलगा कुठे अडला. तास घेणाऱ्याची परीक्षा होत नाही, तासाची होते.

फिलिपीन्सलाही हे ठाऊक आहे. फिलिपीन्स विद्यापीठातल्या गणित-विज्ञान शिक्षण संस्थेने, निस्मेदने, हीच पद्धत आपल्या शाळांत रुजवायचा मनापासून प्रयत्न केला आहे, परदेशांना मदत करणाऱ्या जायका या जपानी सरकारी संस्थेने १९९० च्या दशकात त्यांच्याबरोबर काम केलं, आणि २०१६ मध्ये तर शिक्षण खात्याने प्रत्येक शाळेत शिक्षकांचे अभ्यासगट असावेत असा आदेशही काढला. मला भेटलेल्या तिथल्या शिक्षिका हुशार होत्या, कष्टाळू होत्या. पण दोन पाळ्या, साठ मुलं आणि वर जंतनाशक गोळ्यांपासून निवडणुकीपर्यंतची कामं. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये शिक्षकांकडची कारकुनी कामं काढून घ्यायचा आदेश खात्यालाच काढावा लागला. आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, तो तुम्हाला हीच यादी मराठीत म्हणून दाखवेल.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. आपल्याकडे केंद्रावर महिन्याला शिक्षण परिषद भरते. केंद्रप्रमुख असतात, दहा-बारा शाळांचे शिक्षक असतात, चहा असतो, परिपत्रकं वाचली जातात, कोणीतरी पडद्यावर काहीतरी दाखवतं आणि सह्या होतात. नवी इमारत नको, नवा निधी नको, फक्त त्या परिषदेत मुलं आणा. एक वर्ग, एक तास, एक उदाहरण. आधीच्या महिन्यात चार जणांनी मिळून टाचण करावं, एकाने तास घ्यावा, बाकीच्यांनी मुलांच्या वह्या बघाव्यात. त्या दिवशी कोणाचंही मूल्यमापन होणार नाही, कोणाचा फोटो ॲपवर चढवावा लागणार नाही, एवढं लेखी द्या. राज्याचा नवा आराखडा पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येतो आहे. पुढच्या इयत्तांची पुस्तकं वर्गात यायच्या वर्षभर आधी त्यातले तास असे करून बघू द्या, म्हणजे 'वीस सात'सारखी चांगली गोष्ट पुन्हा थट्टेत वाया जाणार नाही. आणि सेमीची नवी तुकडी मंजूर करण्याआधी त्या शाळेतल्या चौथीच्या मुलांना एकच उदाहरण दोन भाषांत देऊन बघा. वीस मिनिटांचं काम आहे.

सुरुवात माझ्यापासून होऊ द्या. आमच्या केंद्रात चौथीची तीस मुलं, ९ बाय ६ ची तीच आकृती, मराठीत. तास मी घेईन. तो फसू शकतो. ही मुलं चार रीती काढतील की एकच, मला आत्ता सांगता येणार नाही. तुमच्यापैकी कोणीतरी या. भाषण, सत्कार, नारळ काही नको. पेन्सिल घेऊन बाकांमध्ये उभं राहायचं आणि मुलं काय लिहिताहेत ते टिपायचं. शनिवारी आमची सकाळची शाळा असते, तास नऊला सुरू होईल. तारीख तुम्ही कळवा.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक गणित शिक्षिका